त्रिनिटीच्या माळावर

यात्रा करून आलेल्या मनुष्यानें तेथील चार गोष्टी आप्तेष्टांस सांगाव्या, अशी आपल्याकडील जुनी चाल आहे. पुढील हकीकत एका यात्रेचीच आहे. मात्र तेथें देऊळ नाहीं, नदी नाहीं, आणि तेथील खडाहि उचलूं नये असा सरकारी नियम आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंतील न्यू मेक्सिको संस्थानांत आल्बुकर्की शहरीं राहतात. सन २०२४ च्या आश्विनांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे असतां ते एके दिवशीं म्हणाले, "अण्णा, जगांतला पहिला अणुबाँब जेथें उडविला, ती जागा वर्षांतून एकदोन दिवसच लोकांस पाहूं देतात. तुम्हांस यावयाचें आहे का?" जन्मभर संस्कृत शिकविलेल्या आम्हांस नाहीं म्हणवेना. त्याचें कारण पुढें येईलच.

आल्बुकर्कीहून दक्षिणेस सुमारें ९० मैल रिओ ग्रांदे नदीच्या कांठाकांठानें मोटार गेली. सॅन अँटोनिओ नांवाच्या खेड्यापाशीं पूर्वेस वळल्यावर मात्र हिरवा रंग संपला. खुरटीं झुडपें, कोरडी माती आणि दूरवर निळसर डोंगर. आपल्या माणदेशाची आठवण व्हावी असा तो मुलूख. स्पॅनिश वाटसरूंनीं या निर्जल पट्ट्यास जें नांव ठेविलें, त्याचा अर्थ 'मेलेल्या माणसाचा प्रवास' असा होतो. नांव जुनें आहे. बाँब मागाहून आला.

लष्करी फाटकाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेस कांहीं मंडळी हातांत फलक घेऊन उभी होती. मोटारींची रांग मोठी होती, म्हणून आम्ही उतरून त्यांच्याजवळ गेलों. आमच्याच वयाच्या एका बाईंच्या फलकावर नुसती नांवांची यादी होती. एकेका नांवावर बोट ठेवून त्या सांगूं लागल्या, "हे माझे आजोबा, ही आई, हा धाकटा भाऊ." सर्वांस कर्करोगानें नेलें होतें. "आम्हांस आधीं कोणी विचारलें नाहीं, आणि मागाहून सांगितलेंहि नाहीं," एवढेंच त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वरांत राग नव्हता; पुष्कळदां सांगून झालेली गोष्ट पुन्हां सांगण्याचा शीण होता.

आंत पाहण्यासारखें थोडेंच आहे. काळ्या लाव्हा दगडाचा एक स्तंभ आणि सभोंवार कुंपण. १६ जुलै १९४५ रोजीं पहांटे ५ वाजून २९ मिनिटांनीं येथें १०० फूट उंचीच्या पोलादी मनोऱ्यावर प्लुटोनियमचा बाँब उडविला. त्या उष्णतेनें वाळू वितळून तिची हिरवट कांच झाली. तिचे कण अजून मातींत चमकतात. लोक स्तंभाशीं उभे राहून हंसतमुखानें छायाचित्रें काढवून घेत होते.

या कार्याचे शास्त्रीय प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर हे आर्थर रायडर नामक पंडिताजवळ संस्कृत शिकले होते. तो स्फोट पाहतांना आपणांस गीतेच्या अकराव्या अध्यायांतील विश्वरूपाचें वचन आठवलें, असें त्यांनीं १९६५ सालीं दूरचित्रवाणीवर सांगितलें. मूळांतील 'काल' या शब्दासाठीं त्यांनीं 'मृत्यु' हा अर्थ घेतला. कोशाच्या आधारें तो चूक नव्हे. आम्हींहि वर्गांत दोन्ही अर्थ सांगत आलों. परंतु त्या बाईंची यादी डोळ्यांपुढें असतां आम्हांस वाटलें कीं, येथें मूळ शब्दच अधिक खरा आहे.

कारण त्या पहांटे स्फोटानें येथें कोणी दगावलें नाहीं. जें केलें तें काळानें केलें. वीस मैलांच्या आंतहि कुटुंबें राहत होतीं. त्यांना आधीं सूचना दिली नाहीं, कीं हलविलें नाहीं. लष्करानें जाहीर केलें कीं, दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला. मग आकाशांतून पांढरी राख पडली. तेथील माणसें छपरावरून येणारें पावसाचें पाणी टांक्यांत सांठवून पीत, घरच्या गाईबकऱ्यांचें दूध घेत, परसांतली भाजी खात. राख पाण्यांत गेली, गवतांत गेली, दुधांत उतरली. कित्येक गुरांच्या पाठीवरील केंस जाऊन पांढरे उगवले, तेव्हां तीं तपासणीसाठीं नेण्यांत आलीं. तीन आठवड्यांनीं हिरोशिमाची वार्ता आल्यावर तो स्फोट कसला होता हें लोकांस उमगलें; राखेंत काय होतें, हें मात्र त्यांना कोणीं सांगितलें नाहीं.

अमुक रोग्याचा रोग त्या राखेनेंच झाला, हें एकेकाविषयीं सिद्ध करतां येत नाहीं, असें शास्त्र म्हणतें, व तें खरें आहे. म्हणूनच अमेरिकेनें १९९० सालीं कायदा करून नेवाडांतील चांचण्यांच्या वाऱ्याखालीं आलेल्या नेवाडा, यूटा व अॅरिझोना येथील ठराविक भागांतल्या रोग्यांस तसा पुरावा न मागतां ५० हजार डॉलर देऊं केले, आणि क्षमाहि मागितली. परंतु जेथें पहिला बाँब उडाला, तेथील जनता त्यांतून वगळली गेली! २००५ सालीं तुलारोसा खोऱ्यांतील लोकांनीं संस्था काढली. दर जुलैंत ते रात्रीं कागदी पिशव्यांत दिवे लावून आपल्या मृतांचीं नांवें वाचतात. हें ऐकून आम्हांस आपल्या पितृपक्षांतील तर्पण आठवलें. आम्ही गेलों त्याच वर्षीं जूनमध्यें त्या कायद्याची मुदतहि संपली होती.

पुढें जुलै २०२५ मध्यें तो कायदा पुन्हां लागू झाला, आणि न्यू मेक्सिकोचा त्यांत समावेश झाला. ठरलेल्या कर्करोगांपैकीं एखादा झालेल्यांस, अगर ते हयात नसल्यास त्यांच्या वारसांस, १ लाख डॉलर मिळावयाचे आहेत. अर्ज २०२७ अखेरपर्यंत करावयाचे आहेत. स्फोटास तेव्हां ८० वर्षें झालीं होतीं. ज्यांनीं ती राख अंगावर घेतली, त्यांच्यांतील किती जण अर्जावर सही करण्यास उरले असतील?

येथें एक कबुली दिली पाहिजे. ११ मे १९९८ रोजीं पोखरणची वार्ता आली, तेव्हां आमच्या आळींत पेढे वाटणाऱ्यांत आम्हीहि होतों. ते स्फोट भूगर्भांत झाले, त्यांची तुलना येथें करीत नाहीं. तथापि जवळच्या खेतोलाई गांवच्या लोकांस त्या दिवशीं काय वाटलें असेल व पुढें त्यांचें काय झालें, हें कोणास विचारावें असें आमच्या मनांत त्या माळावर उभें राहीपर्यंत कधीं आलें नाहीं. ज्यांच्या अंगणांत राष्ट्राचें सामर्थ्य अजमावलें जातें, त्यांची विचारपूस करणें हा न्यायाचा पहिला पाठ आहे. पैसा हा दुसरा.

परततांना त्या बाई फलकाची घडी घालीत होत्या. आम्हीं नमस्कार केला. चिरंजीवांकडे वळून त्या म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना म्हणावें, घरीं गेल्यावर आमच्याविषयीं सांगा."

म्हणून सांगितलें.