घोरणें

घोरतो तो सुखानें निजतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. आमच्या वडीलबंधूंचें घोरणें हा तर मुलांचा नित्य विनोद. परंतु वहिनींना त्या घोषाचें भय नव्हतें. मध्येंच पडणाऱ्या शांततेचें होतें. निद्रेंत घशाचे स्नायू शिथिल होऊन श्वासमार्ग अरुंद होतो व मृदु टाळू कंप पावते, तेंच घोरणें. मार्ग पुरता मिटला कीं १० सेकंद वा अधिक काळ श्वास थांबतो. रक्तांतील प्राणवायु घटतो, रक्तदाब वाढतो. १९८१ सालीं ऑस्ट्रेलियांतील कॉलिन सुलिव्हन यांनीं नाकावाटें हवेचा दाब देऊन हा मार्ग उघडा ठेवण्याचा उपाय प्रसिद्ध केला. वहिनींनीं आग्रहानें तपासणी करविली. आतां बंधू तें यंत्र लावून निजतात, आणि वहिनीही निजतात. वाचकहो, घोरणाऱ्यास हंसण्यापूर्वीं ती मधली शांतता ऐकावी, व आढळल्यास डॉक्टर गांठावा.