सांतोच्या गावात

पादुआत बॅसिलिकाचा पत्ता विचारताना संत अँथनीचं नाव घ्यावं लागत नाही. 'इल सांतो' म्हटलं की पुरे. संत म्हणजे तोच. बेळगावच्या आमच्या घरीही असंच. मंगळवारची नोव्हेना त्याची, आणि किल्ली हरवली की पहिली हाक त्यालाच. त्यामुळे मला एक सेमिस्टर पादुआत शिकायला मिळणार हे कळल्यावर आईला झालेला आनंद विद्यापीठासाठी नव्हता.

तसं विद्यापीठ १२२२ सालचं. गॅलिलिओने इथे अठरा वर्षं शिकवलं. मला मात्र जिन्यापाशी पुतळा होऊन उभी असलेली एलेना कोर्नारो पिस्कोपिया आवडली. १६७८ मध्ये तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळवली बाईने! परीक्षा इथे बहुतेक तोंडी, गुण तीसपैकी, आणि गुण पटले नाहीत तर नाकारून पुन्हा बसायची मुभा. हे आपल्याकडे कुणाला खरं वाटणार नाही.

सुट्टीत पॅसेंजर ट्रेनने फिरायचे. व्हेनिस अर्ध्या तासावर. तिथलं पायांचं दुखणं जास्त आठवतं. भात सगळीकडे थोडा कच्चाच.

आजीचं विसरणं मी निघायच्या आधीच सुरू झालं होतं. फोनवर दर वेळी विचारायची, "पुण्यात थंडी आहे का गं?" मी सांगायचे, "पुणे नाही आजी, इटली." मग ती गप्प व्हायची. आईने निघताना एक चिठ्ठी दिली होती, सांतोच्या कबरीपाशी ठेवायला.

तो स्वतः मूळचा लिस्बनचा. १२३१ मध्ये पादुआच्या वेशीपाशी वारला आणि वर्षाच्या आत संत घोषित झाला. कबरीच्या हिरव्या दगडावर तळहात टेकून लोक उभे राहतात. आजूबाजूला फोटोच फोटो: तान्ही बाळं, चेपलेल्या गाड्या. माझ्यापुढच्या म्हाताऱ्याने कपाळही टेकलं आणि बराच वेळ हलला नाही. मागे कुणी कुरकुर केली नाही.

चिठ्ठीला नुसती घडी होती. मी उघडली. हरवलेलं शोधून देणारा संत, म्हणजे आईने आजीची आठवण परत मागितली असणार, असं मी धरून चालले होते. दोनच ओळी होत्या. 'आईंना भीती वाटू नये. आम्हाला ओळखलं नाही तरी चालेल.'

महिनाभर इटालियन मिस्सा ऐकत होते, शब्द कळायचेही. पण त्या दगडाला हात लावल्यावर तोंडून 'हे आमच्या बापा' मराठीतच आलं.

रात्री फोन लावला.

"पुण्यात थंडी आहे का गं?"

"आहे ना आजी. खूप आहे."

"मग स्वेटर घाल."

"घातलाय."

त्यानंतर ती बराच वेळ बोलत होती.