चिनी वर्गाचा हजेरीपट

सरकारी नोकरीत जडलेल्या काही सवयी निवृत्तीनंतरही सुटत नाहीत. माझी एक सवय अशी की कोणत्याही बैठकीत शिरले की आधी डोकी मोजायची आणि मग त्यांत स्त्रिया किती ते मोजायचे. ग्रामसभेपासून मंत्रालयातल्या बैठकीपर्यंत मी हेच करीत आले. त्यामुळे बंगळूरात एका खासगी संस्थेच्या चिनी भाषेच्या वर्गात पहिल्या दिवशी जाऊन बसले तेव्हाही पुस्तक उघडण्याआधी मोजणी झाली. आम्ही सोळाजण होतो. स्त्रिया नऊ आणि पुरुष सात. मला समाधान वाटले. हा विषय इथे तरी सुटलेला दिसतो, असे मी मनाशी म्हटले.

दीड वर्षानंतर तिसऱ्या पातळीच्या वर्गात आम्ही सहाजण उरलो होतो. त्यांत पुरुष पाच होते. उरलेली एकमेव स्त्री म्हणजे मी, आणि मला या भाषेचा पोटापाण्यासाठी काडीचाही उपयोग नव्हता.

सोळा जणांच्या एका वर्गावरून सिद्धांत मांडू नये, एवढे मला कळते. पण ज्या आठजणी गेल्या त्या का गेल्या, हे एकेकीला विचारण्याइतका वेळ आता माझ्याकडे होता. नोकरीत असताना तो कधी नव्हता, किंवा मी तो काढला नाही. त्यातून जे हाती लागले ते प्रशासनाशी संबंधित आहे म्हणून इथे लिहीत आहे.

आधी बंगळूरात चिनी शिकायला कोण येते आणि का, ते सांगायला हवे. हुआवेचे संशोधन केंद्र या शहरात १९९९ मध्ये सुरू झाले. इन्फोसिसने २००३ मध्ये शांघायमध्ये आपली कंपनी काढली. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मागवणारे छोटे-मोठे उद्योजक तर शेन्झेनच्या फेऱ्या अनेक वर्षे करीत आले आहेत. म्हणजे इथे ही भाषा हौसेपेक्षा भाकरीशी अधिक जोडलेली आहे. २०२० मध्ये गलवाननंतर वातावरण बदलले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परदेशी भाषांची जी उदाहरणे दिली आहेत त्यांत चिनी नाही. २०१९ च्या मसुद्यात ती होती. तरीही शिकणारे येतच राहिले. शेजाऱ्याशी पटत नसेल तर त्याची भाषा समजण्याची गरज वाढते, कमी होत नाही, हे साध्या माणसालाही कळते.

आपल्या मराठी माणसांचे या भाषेशी जुने नाते आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. वसंत परांजपे पेकिंगला शिकले आणि पुढे नेहरूंच्या १९५४ च्या चीन दौऱ्यात त्यांनी दुभाष्याचे काम केले. अलीकडच्या काळात विजय गोखले आणि गौतम बंबावाले हे दोन मराठी अधिकारी लागोपाठ बीजिंगमध्ये राजदूत होते आणि दोघांनाही चिनी भाषा उत्तम अवगत. ही नावे मी वर्गात अभिमानाने सांगितली. तेव्हा बेळगावची एक मुलगी म्हणाली, "मावशी, यात एकही बाई नाही." मी गप्प बसले. कोटणिसांच्या पत्नी क्वो छिंग-लान यांचे नाव तेवढे मला आठवले. पण त्या तर चिनीच होत्या.

मग मी तिला निरुपमा राव यांच्याविषयी सांगितले. त्यांचे पदवीचे शिक्षण बंगळूरच्या माउंट कार्मेल महाविद्यालयात आणि पदव्युत्तर शिक्षण औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात झाले. २००६ मध्ये त्या चीनमधील पहिल्या भारतीय स्त्री राजदूत झाल्या. म्हणजे दूतावासाच्या सर्वोच्च खुर्चीत स्त्री बसायला स्वातंत्र्यानंतर जवळजवळ साठ वर्षे लागली. हा उशीर आपोआप झालेला नव्हता. कोडगूच्या सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या स्त्री. या सेवेच्या नियमांत स्त्री अधिकाऱ्याने लग्नापूर्वी शासनाची लेखी परवानगी घ्यावी, आणि लग्नानंतर घरच्या जबाबदाऱ्यांमुळे कामात बाधा येते असे शासनाला वाटल्यास तिला राजीनामा देण्यास सांगता येईल, अशी तरतूद होती. पुरुष अधिकाऱ्याला अशी अट नव्हती. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कडक ताशेरे ओढले.

हा निकाल आम्हाला प्रशिक्षणात शिकवला होता. तो मला जवळजवळ पाठ होता. आणि तरीही माझ्या हातून जे घडले ते आता सांगते.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एका कार्यालयाची प्रमुख असताना परदेशातील दहा महिन्यांच्या भाषा-प्रशिक्षणासाठी एक नाव पाठवायचे होते. दोन अर्ज आले, एक पुरुष अधिकाऱ्याचा आणि एक स्त्री अधिकाऱ्याचा. गुणवत्तेत ती पुढे होती. तिची मुले लहान होती. मी नस्तीवर लिहिले, "कौटुंबिक जबाबदाऱ्या विचारात घेता दीर्घकालीन परदेश वास्तव्य त्यांना सोयीचे होणार नाही असे वाटते." खाली सही केली आणि त्याचे नाव पुढे गेले. तिला कोणीही विचारले नव्हते. मीही नाही. अर्ज तिनेच केला होता, म्हणजे सोयीचा विचार तिने आधीच केला होता, हे माझ्या ध्यानातही आले नाही. उलट आपण तिची अडचण ओळखली, असेच मला वाटले. माझ्या निरोप समारंभात तिने माझे आभार मानणारे भाषण केले. ती टिपणी तिने कधीच पाहिलेली नव्हती. मी सांगितलीही नाही.

आता वर्गातून गेलेल्या आठजणींकडे वळते.

दोघींची नोकरी बदलली, एक लग्न होऊन पुण्याला गेली. उरलेल्या पाचजणींची कारणे मात्र एकमेकींशी जुळणारी निघाली. पहिल्या पातळीचा वर्ग शनिवारी सकाळी होता. दुसऱ्या पातळीपासून तो आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी सात ते साडेआठ असा झाला, कारण "नोकरदारांना तेच सोयीचे". कोणत्या नोकरदारांना, हे कोणी विचारले नाही. साडेआठला सुटून सर्जापूर रस्त्याला किंवा येलहंक्याला घरी पोचेपर्यंत दहा वाजत. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास मोफत आहे आणि त्याचा लाभ या मुली घेतही होत्या. पण बसथांब्यापासून घरापर्यंतचा अंधारातला अर्धा मैल कोणत्याच योजनेत बसत नाही.

इथे एक जुना धडा आठवतो. कर्नाटकच्या १९६१ च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्यात स्त्रियांना रात्री कामावर ठेवण्यास मनाई होती. हेतू संरक्षणाचा होता. पुढे माहिती-तंत्रज्ञानाचा व्यवसाय वाढला तेव्हा त्या क्षेत्राला सूट देण्यात आली, पण घरापर्यंत वाहन आणि सुरक्षिततेची व्यवस्था करण्याची अट घालून. मनाईच्या जागी सोय आली आणि हजारो मुली रात्रपाळीत काम करू लागल्या. मनाईला खर्च नसतो, सोयीला असतो. म्हणून कोणत्याही कार्यालयाला आधी मनाई सुचते. माझ्या टिपणीतही तेच झाले होते.

दुसरे कारण मला अनपेक्षित होते. वर्गाबाहेर शिकणाऱ्यांचा मोठा आधार म्हणजे मोबाइलवरचे गट. २९ जून २०२० रोजी ज्या ५९ ॲपवर बंदी आली त्यांत वीचॅट होते. चिनी माणसांशी थेट बोलण्याची सोपी वाट त्याबरोबर बंद झाली. मग सरावासाठी उरले आपापसातले व्हॉट्सॲप गट. शहरभरातल्या शिकणाऱ्यांच्या अशाच एका मोठ्या गटात आमच्या वर्गातली बरीच मंडळी होती. परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका, दुभाष्याची कामे, नोकरीच्या जागा, सारे काही आधी तिथे येई. वर्ग सुटला तरी चालेल, पण गट सुटू नये, अशी परिस्थिती.

बेळगावच्या त्या मुलीने गटात नावाऐवजी आद्याक्षरे ठेवली होती आणि छायाचित्र डोंगराचे. बोलणे इंग्रजीत आणि मोडक्यातोडक्या चिनीत चाले. चिनी भाषेत 'तो' आणि 'ती' या दोहोंचा उच्चार एकच, 'था'. लिहिताना 'ती'साठी वेगळे अक्षर विसाव्या शतकात, १९२० च्या सुमारास, ल्यू पान-नुंग यांच्या पुढाकाराने रूढ झाले. बोलण्यात आजही फरक नाही. त्यामुळे सहा महिने सगळे तिला 'ब्रो' म्हणत आणि तिच्या व्याकरणाच्या उत्तरांना मान देत. एका रात्री गटातल्या दुसऱ्या मराठी मुलाने काहीतरी मराठीत विचारले आणि ती सहज लिहून गेली, "मी आत्ताच घरी पोचले."

आपल्या भाषेत 'मी' कोण हे क्रियापद सांगून टाकते. आलो की आले, शिकतो की शिकते. लपायला जागाच नाही. त्या एका 'पोचले'नंतर तिच्या उत्तरांवर वाद वाढले आणि व्यक्तिगत निरोप सुरू झाले. गटात प्रत्येकाचा फोन क्रमांक सर्वांना दिसत होताच. कोणी कॉफीला बोलावले, कोणी रात्री अकराला 'जेवलीस का' विचारले. गुन्हा म्हणावा असे त्यात काही नव्हते. तिने तीन क्रमांक बंद केले, चौथा आल्यावर गट सोडला. आठवड्याभरात तिच्या दोन मैत्रिणींनीही सोडला. गट चालवणाऱ्या सज्जन गृहस्थांना मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तक्रार तर कोणीच केली नाही." हे वाक्य मी स्वतः कितीतरी अहवालांत लिहिले आहे.

हे एका गटाचे नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संयुक्त राष्ट्र विद्यापीठाशी संलग्न संस्थेच्या पाहणीत विकिपीडियावर लिहिणाऱ्यांमध्ये स्त्रिया १३ टक्क्यांहूनही कमी आढळल्या होत्या. तिथे तर दार सर्वांना उघडे होते. दार उघडे असणे आणि आत बसवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे बसवून घेतले नाही तिथे बायकांनी आपली वेगळी जागा केली, हेही खरे. चीनच्या हूनान प्रांतात जियांगयुंग भागातल्या बायकांनी 'न्यूशू' नावाची आपली स्वतंत्र लिपी वापरली. सख्यांना पत्रे, गाणी, मनातली दुःखे त्या तिच्यात लिहीत. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या होत्या. पण न्यूशूत शासकीय परीक्षा नव्हती आणि जात्यावर नोकरीच्या जागा जाहीर होत नव्हत्या. वेगळी जागा मन मोकळे करते. संधी मात्र मोठ्या जागेतच वाटली जाते. म्हणून "मुलींचा वेगळा गट काढा" हा सल्ला मला अपुरा वाटतो.

मी केले ते थोडेच. संस्थेच्या संचालकांना भेटून दुसऱ्या पातळीचा एक वर्ग पुन्हा शनिवारी सकाळी ठेवायला सांगितले. नाही-हो करता ठेवला. गटाच्या चालकांना दोन नियम पटवले: विचारल्याशिवाय व्यक्तिगत निरोप नाही, आणि चालकांत निदान दोन स्त्रिया. पाचांपैकी दोघी परत आल्या. तिघी आल्या नाहीत.

प्रशासनातील मित्रांसाठी एवढेच सुचवते. आपले सारे अहवाल नावनोंदणीपाशी थांबतात. 'लाभार्थींत स्त्रिया ५६ टक्के' असे लिहून आपण समाधान मानतो, जसे मी पहिल्या दिवशी मानले. हजेरीपट तीनदा मोजावा: प्रवेशाच्या वेळी, मध्यावर आणि ज्या पायरीनंतर नोकरी किंवा बढती मिळते त्या पायरीवर. मधे जी गळाली तिला कारण विचारावे, आणि तिच्या वतीने आपण कारण लिहू नये.

ती दुसरी चूक सुधारण्याचा प्रयत्न मी गेल्या महिन्यात केला. जुन्या कार्यालयातल्या त्या सहकारी अधिकारी बाईंना दूरध्वनी करून टिपणीची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मॅडम, तेव्हा सासूबाई मुलांना सांभाळायला तयार झाल्या होत्या. मी पासपोर्टसुद्धा काढून ठेवला होता."

यावर माझ्याजवळ काही उत्तर नव्हते. बेळगावची मुलगी परत न आलेल्या तिघींपैकी एक आहे. घरीच अभ्यास करते आणि रविवारी माझ्याकडे येऊन संवादाचा सराव करते. माझे उच्चार तिच्याहून कच्चे आहेत. चौथ्या पातळीच्या परीक्षेचा अर्ज तिने भरला आहे, आणि या वेळी तिला काय सोयीचे आहे ते मी तिलाच विचारते.