एंजिन गुदमरतें तेव्हां

कांहीं दोष असे असतात कीं, ते स्वस्थ बसलें असतां दिसत नाहींत. भार पडतांच प्रकट होतात. जुन्या आउटबोर्ड एंजिनाची एक व्याधि याच जातीची आहे. होडीच्या मागल्या फळीवर बसविलेलें हें एंजिन किनाऱ्यापाशीं मंद गतीनें एकसुरी चालतें. पण रेस वाढविली कीं गुदमरतें आणि बंद पडतें. ओले एव्हिनरूड यानें १९०९ सालीं अमेरिकेंत असलीं एंजिनें विकावयास काढलीं. तेव्हांपासून त्यांत सुधारणा पुष्कळ झाल्या, परंतु या व्याधीनें जुन्या एंजिनांची पाठ सोडलेली नाहीं.

आम्हीं ती पाहिली भंडारदऱ्यास. प्रवरेवरील विल्सन धरण १९२६ सालीं पुरें झालें. धरणाजवळच्या शेंडी गांवाहून जलाशयाच्या दुसऱ्या टोंकाकडे, रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या दर्शनास, प्रवासी होडींतून जातात. तेथील एका वयस्क नावाड्यानें आम्हांस सांगितलें, "सर, काठाला गाण्यावानी चालतंय, चार माणसं बसली अन् रेस दिली का जीव सोडतंय." मिस्त्रीनें एंजिन मोडींत काढण्याचा सल्ला दिला होता. नव्याची किंमत म्हणजे त्याची दोन हंगामांची कमाई, आणि पावसाळी सहली तर महिन्यावर आलेल्या.

मंद चालीवरून मिस्त्रीनें कार्ब्युरेटर निर्दोष ठरविला होता. तर्काची चूक होती ती येथेंच. कार्ब्युरेटरमध्यें मंद चालीस पेट्रोल पुरविणारी वाट निराळी आणि जोराच्या चालीस पुरविणारें मुख्य छिद्र, म्हणजे मेन जेट, निराळें. पहिली वाट मोकळी असल्यानें दुसरीविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं.

यास्तव आम्हीं व नावाड्यानें मिळून एंजिनास एकेक प्रश्न विचारावयाचें ठरविलें. स्वस्तांतला प्रश्न आधीं. दोन्ही प्लग काढून पाहिले. ठिणगी सारखी आणि सतेज होती. टाकीच्या झांकणावरचा हवेचा स्क्रू सैल केला. तो बंद राहिल्यास टाकींत पोकळी होऊन पेट्रोल अडतें. फरक पडला नाहीं. मग होडी पाण्यांत नेऊन रेस दिली आणि एंजिन गुदमरूं लागतांच नळीवरचा रबरी फुगा दाबला. पंप दुबळा असता, तर एंजिनानें उचल खाल्ली असती. तेंही झालें नाहीं. शेवटीं चोक किंचित् ओढला. चोकनें हवा कमी होते आणि पेट्रोलचें प्रमाण वाढतें. एंजिनानें तात्काळ जोर धरला! म्हणजे पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत येत होतें, पण आंतून पुरेसें सुटत नव्हतें.

असें एंजिन चोक ओढून रेटावें, हा मोह मात्र घातक. टू-स्ट्रोक एंजिनांत वंगणाचें तेल पेट्रोलांतच मिसळलेलें असतें. पेट्रोल तुटलें कीं तेलही तुटतें. पिस्टन तापून सिलिंडरांत जखडतो, आणि मग मिस्त्रीचें भाकीत खरें ठरतें.

कार्ब्युरेटरची वाटी उघडली, तों तळाशीं चिकट गाळ आणि मुख्य छिद्रांत त्याचाच खडा. मागल्या हंगामाचें पेट्रोल वाटींत तसेंच राहून सुकलें होतें. शिवाय हल्लीं पेट्रोलांत इथेनॉल असतें. देशांत त्याचें प्रमाण २०२५ सालीं २० टक्क्यांपर्यंत पोंचलें. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें, हें घाटमाथ्याच्या पावसाळी हवेंत विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. विजेच्या वायरींतील तांब्याच्या एका बारीक तारेनें तो खडा काढला. पोलादी तारेनें छिद्र मोठें होण्याचें भय असतें.

आम्ही परीक्षकाच्या खुर्चीवर पुष्कळ वर्षें बसलों आहोंत. घोकलेल्या प्रश्नास विद्यार्थी अस्खलित उत्तर देतो, तें ऐकून त्यास विषय कळला असें समजणें आणि काठावरच्या मंद चालीवरून एंजिन पारखणें यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं. ज्या वाटेची परीक्षा घ्यावयाची, तिच्यावर भार पडेल असाच प्रश्न विचारावा लागतो.

नावाड्यास हें निराळें सांगावें लागलें नाहीं. काठावर एंजिन सुरळीत चालूं लागलें, तरी त्यानें पैसे देणारा उतारू त्या दिवशीं घेतला नाहीं. आपल्या वाडींतलीं चार माणसें जाकिटें घालून बसविलीं आणि पूर्ण रेस देऊन दोन फेऱ्या मारल्या. परत येतांच टाकीची नळी काढली आणि वाटींतलें पेट्रोल जळून एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत तो शेजारीं उभा राहिला.