भावाच्या शेतावरची तार

यवतमाळकडे आमच्या धाकट्या भावाची तीन एकर कोरडवाहू जमीन. मागच्या साली रोह्यांच्या कळपाने दोन रात्रींत हरभरा साफ केला, म्हणून काटेरी तारेचे पैसे आम्हीच पगारातून दिले.

यंदा गावी गेलो. पहाटे पाहतो तो एक रोही मादी कुंपणाला लटकलेली. उडी मारताना मागचा पाय वरच्या दोन तारांत पिळला गेला होता. जितकी धडपड, तितका पीळ आवळलेला. कातडे हाडापर्यंत सोललेले. पकडीने तार तोडली. ती उठलीच नाही.

“दादा, तार काढू म्हणता? मग पोरं काय खातील?” भावाने विचारले. भरपाईला अर्ज असतो, पंचनामा असतो. कागदांत जन्म गेलेले आम्ही, तरी गप्प राहिलो.

1874 साली अमेरिकेतल्या ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने या तारेचे पेटंट घेतले, ते गुरे अडवण्यासाठी. अंधारात उडणाऱ्या घुबडा-वटवाघळांना ती दिसतही नाही.

शेवटी वरची आणि तळची तार बदलून बिनकाट्याची ओढली, वरच्या दोहोंत अंतर वाढवले, वहिनीच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. भाऊ पुन्हा जागलीला जातो. पाठ दुखते म्हणतो.