वरचा मजला

आमच्या गावचे सार्वजनिक वाचनालय दोन मजली आहे. खाली वृत्तपत्र विभाग, वर ग्रंथालय आणि सभागृह. खालच्या विभागात कोणीही यावे, बाकावर बसावे, वर्तमानपत्र वाचावे आणि निघून जावे. त्याला वर्गणी नाही, अनामत नाही. आमचे अब्बा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. पहिली पाळी सुटली की हाताचे काळे ऑइल साबणाने खसाखसा धुऊन ते थेट तेथे जात आणि मराठी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचून काढत. जवळजवळ तीस वर्षे त्यांचा हा नेम चालला. या तीस वर्षांत ते एकदाही जिना चढून वर गेले नाहीत. लहानपणी आम्ही एकदा विचारले होते, "अब्बा, वर काय असते?" ते म्हणाले, "वर कार्यक्रम असतात." एवढेच. वर येऊ नका असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. वर या, असेही कोणी सांगितले नव्हते.

आम्ही उर्दू माध्यमातून शिकलो, पुढे बी.एड. केले आणि आता उर्दू हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. मुली आम्हाला बाजी म्हणतात. आम्ही कोकणातले. घरात कोकणी बोलतो, आणि ही कोकणी म्हणजे निम्म्याहून अधिक मराठीच. शाळेत उर्दू, कचेरीत मराठी, नमाजात अरबी. इतक्या भाषांच्या शेजारात वाढलेल्या मुली खरे तर बोलक्या व्हायला हव्यात. पण दहावी झाली आणि मराठी माध्यमाच्या ज्युनिअर कॉलेजात गेल्या की त्यांची वाचा बसते. बाजारात मासळीचा भाव करताना ज्या मुलीपुढे कोळीण हार मानते, ती वर्गात उभी राहून दोन वाक्ये बोलत नाही. चुकेल, सगळे हसतील, या भीतीने गप्प राहते. पुढे एखाद्या वर्षात घरी बसते. घरचे म्हणतात, "तिला शिक्षणात गोडी नव्हती." गोडी होती. तिला भाषेच्या उंबरठ्यावर कोणी हात दिला नाही, एवढेच.

वाचनालयात कार्यक्रम पुष्कळ होतात. उन्हाळ्यात व्याख्यानमाला, नोव्हेंबरात ग्रंथालय सप्ताह, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, आणि २०१५ पासून १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी वाचन प्रेरणा दिन. आम्हाला बोलावणे येई ते राष्ट्रीय एकात्मतेच्या कार्यक्रमाचे. वर्षातून एकदा आम्ही वर जात असू, व्यासपीठावर बसत असू, नारळ आणि गुच्छ घेत असू. सर्व धर्म कसे एक आहेत यावर पाच मिनिटे बोलून जिना उतरत असू. उरलेले अकरा महिने आमची कोणाला आठवण होत नसे. खोटे कशाला बोला, आम्हालाही वाचनालयाची होत नसे. गुच्छ स्वीकारणारे आम्ही त्या वाचनालयाचे साधे सभासदही नव्हतो! आपल्या जलशांतून ‘इक्रा’ म्हणजे ‘वाच’ या शब्दावर तासतासभर तकरीरी होतात. त्या ऐकून घरी येताना वाटेतल्या वाचनालयाची पायरी आपल्यापैकी कितीजण चढतात, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

२०२३ च्या पावसाळ्यात आम्ही अनामत भरली आणि सभासद झालो. त्या दिवशी पुस्तके पाहता पाहता सभागृहाच्या मागच्या भिंतीशी एक लोखंडी कपाट दिसले. कुलूप लावलेले, वर जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे. आम्ही ग्रंथपाल बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "त्यात उर्दू पुस्तके आहेत. जहाजावर नोकरी केलेले एक गृहस्थ होते तुमच्याकडचे. त्यांनी जुन्या काळी देणगी दिली. मी आल्यापासून एकही बाहेर गेलेले नाही." मग त्यांनी दाखल नोंदवही काढून दाखवली. पुस्तकाच्या नावाच्या रकान्यात लिहिले होते, ‘उर्दू पुस्तक’. खाली पुन्हा ‘उर्दू पुस्तक’. त्याखाली तेच. लेखकाच्या रकान्यात आडवी रेघ. अशा १३७ नोंदी. ज्या कारकुनाने त्या केल्या त्याचा दोष नव्हता. त्याला लिपी येत नव्हती, आणि ज्यांना येत होती त्यांच्यापैकी कोणी शेजारी बसून नावे सांगितली नव्हती. ज्या पुस्तकाला नाव नाही ते मागायचे तरी कसे?

बाई पुढे हळूच म्हणाल्या, "यंदा निर्लेखनाच्या यादीत ही सगळी पुस्तके आहेत." निर्लेखन म्हणजे फाटकी, निरुपयोगी पुस्तके दप्तरातून कमी करणे. मग ती रद्दीत जातात. वाचनालय चालवायचे तर हे करावेच लागते, कपाटे काही रबराची नसतात. पण ही पुस्तके फाटली नव्हती. ती कोणी उघडलीच नव्हती.

बी.एड.ला असताना आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात डॉ. रंगनाथन यांची पाच सूत्रे फ्रेम करून लावलेली होती. १९३१ साली त्यांनी ती ग्रंथरूपाने मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, असे त्यांतले एक सूत्र सांगते. पुढचे सांगते की पुस्तकालाही त्याचा वाचक मिळाला पाहिजे. आम्ही ती परीक्षेपुरती पाठ केली होती. त्या कपाटापुढे प्रथमच त्यांचा अर्थ कळला.

आम्ही कार्यकारी मंडळाला अर्ज दिला. मंडळातली माणसे भली. त्यांनी बसवून घेतले, चहा दिला आणि एक तोडगा सुचवला, "मॅडम, तुमची पुस्तके तुम्ही घेऊन जा. तुमच्या मोहल्ल्यात ठेवा. आमची जागा मोकळी होईल, तुमचीही सोय होईल." आम्ही घरी येऊन मोहल्ल्यातल्या जाणत्यांना सांगितले, तर तेही खूश. एक बुजुर्ग म्हणाले, "बेटी, आपली किताबें आपल्याकडे आली तर चांगलेच. मदरशात एक खोली रिकामी आहे. पोरींना दर रविवारी तिकडे वर कशाला नेतेस?"

दोन्हीकडची माणसे प्रेमाने बोलत होती आणि दोन्हीकडची एकच गोष्ट सांगत होती. तुमचे तुमच्याकडे, आमचे आमच्याकडे. भांडण असते तर आम्ही भांडलो असतो. पण एवढ्या गोडीने भिंत बांधली जात असताना नाही म्हणणे फार जड जाते. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. पुस्तके मदरशात गेली असती तर ती वाचली असती, हे खरे. मग त्यांच्याबरोबर आमच्या मुलींना वर जाण्याचे उरलेसुरले कारणही खाली उतरले असते, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या दिवशी आम्ही मंडळाला सांगितले, "ही पुस्तके आमची नाहीत. ज्याने दिली त्याने वाचनालयाला दिली, मोहल्ल्याला दिली नाहीत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याप्रमाणे या वाचनालयाला शासनाचे अनुदान मिळते. त्यात सगळ्यांचाच पैसा आहे. तेव्हा येथे ‘तुमची’ पुस्तके आणि ‘आमची’ पुस्तके असा हिशेब नको. आम्हाला किल्ली द्या आणि पाच रविवार द्या. आम्ही यादी करून देतो. मग काय ठेवायचे, काय काढायचे ते तुम्ही ठरवा." आवाज थोडा कापला. पण किल्ली मिळाली.

मोहल्ल्यात समजूत घालणे अधिक कठीण होते. नववीच्या सहा मुली निवडल्या होत्या, त्यांतल्या एकीच्या वडिलांनी साफ नकार दिला. पाच राहिल्या. रविवारी दहा ते एक आम्ही त्यांच्याबरोबर वर बसू लागलो. एकीने नाव वाचायचे, दुसरीने देवनागरीत लिहायचे, तिसरीने पुस्तक चाळून दोन ओळींत मराठीत विषय सांगायचा. नोंदवहीचे रकाने पाहून एकजण म्हणाली, "बाजी, तारीख, किंमत, कागद, शाई, हे सगळे तर आपलेच शब्द आहेत!" शेजारी बसलेल्या ग्रंथपाल बाई हसून म्हणाल्या, "अगं, आम्हाला तर ते आमचेच वाटत होते." आम्ही काही बोललो नाही. शिक्षकाने कधी कधी धडा आपोआप होऊ द्यावा.

त्या कपाटात काय नव्हते! मुन्शी प्रेमचंद होते, कृष्णचंदर होते, युनानी औषधांचा एक जाडजूड ग्रंथ होता, ‘बीसवीं सदी’ मासिकाचे सुटे अंक होते, आणि इब्ने सफी यांच्या जासूसी कादंबऱ्यांची एक पूर्ण रांग. ती बातमी घरी पोचताच एका मुलीच्या नानीने निरोप धाडला की एक कादंबरी तिला पाठवावी, पन्नास वर्षांपूर्वी तिची अर्धी वाचून राहिली आहे.

चौथ्या रविवारी मौलाना अबुल कलाम आझाद यांचे ‘गुबार-ए-खातिर’ निघाले. बाईंनी अर्थ विचारला. मुली अडखळल्या, मग एकजण म्हणाली, "मनावर साचलेली धूळ." आम्ही त्यांना सांगितले की हे पुस्तक आपल्या महाराष्ट्रात लिहिलेले आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रजांनी मौलानांना पकडून अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात ठेवले. तेथे त्यांनी आपल्या एका मित्राला पत्रे लिहिली. तुरुंगातून ती पाठवण्याची सोय नव्हती, म्हणून ती तशीच राहिली आणि १९४६ साली पुस्तकरूपाने आली. त्याच किल्ल्यात नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. नेहरूंचे पुस्तक वाचनालयात इंग्रजीत होते, मराठीत होते. त्यांच्या सोबत्याचे पुस्तक पलीकडच्या कपाटात ‘उर्दू पुस्तक’ या नावाने पडून होते.

१५ ऑक्टोबर २०२३, रविवार. वाचन प्रेरणा दिनाला ‘माझे आवडते पुस्तक’ अशी स्पर्धा होती. पाच मुलींपैकी जी सगळ्यांत कमी बोलते, तिने नाव दिले. पुस्तक, ‘गुबार-ए-खातिर’. एका परीक्षकांनी शंका काढली की पुस्तक मराठी नको का? ग्रंथपाल बाईंनी सूचनेचा कागद वाचून दाखवला. भाषण मराठीत हवे असे लिहिले होते, पुस्तकाबद्दल काही अट नव्हती. मुलगी उभी राहिली. आम्ही मागच्या भिंतीला टेकून उभे होतो, हात थंड पडले होते.

तिने चिमण्यांची गोष्ट सांगितली. कोठडीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांना मौलाना आधी हुसकून लावू पाहतात, हरतात, मग दाणे टाकून त्यांच्याशी दोस्ती करतात. ती दोनदा अडली. एकदा तिने कोकणी शब्दच वापरला आणि पुढे गेली. कोणी हसले नाही. पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त गुरुजींनी नंतर तिला विचारले, "हे पुस्तक मराठीत मिळेल का?" ती म्हणाली, "बघून सांगते." बक्षीस तिला मिळाले नाही, आणि मिळायला हवे होते असेही आम्ही म्हणणार नाही. पहिली आलेली मुलगी खरोखर छान बोलली.

त्या दिवशी अब्बा आले होते. गुडघे दुखतात, कठडा धरून एकेक पायरी चढले. शेवटच्या रांगेत बसले, सगळे ऐकले. घरी जाताना आम्ही विचारले, "कसे वाटले?" ते थोडा वेळ चालत राहिले आणि म्हणाले, "वरती पंखे चांगले आहेत." आणखी दहा पावले गेल्यावर म्हणाले, "इतकी वर्षे खाली उकाड्यात बसलो."

पुढे मोठा चमत्कार झाला असे कोणी समजू नये. मंडळाने निर्लेखन स्थगित केले आहे, रद्द केलेले नाही. यादी झाल्यापासून दोन वर्षांत त्या कपाटातली ४१ पुस्तके वाचायला गेली, त्यांत तीसच्या वर इब्ने सफी. पाच मुलींपैकी दोघींनी सभासदत्व चालू ठेवले. एकीचे लग्न झाले. चिमण्यांची गोष्ट सांगणारी आता मराठी माध्यमाच्या कॉलेजात अकरावीला आहे. पहिल्या चाचणीत मराठीत जेमतेम पास झाली, पण वर्गात हात वर करते. आमच्या शाळेला मात्र आता एकात्मतेचे वेगळे निमंत्रण येत नाही. वक्तृत्वाचे, ग्रंथप्रदर्शनाचे, मराठी भाषा गौरव दिनाचे परिपत्रक येते, तालुक्यातल्या सगळ्या शाळांना येते तसे, साध्या पाकिटात. त्या पाकिटाची किंमत आम्हाला गुच्छांपेक्षा जास्त वाटते.

वाचकहो, तुमच्याही गावच्या वाचनालयात भिंतीला लागून एखादे कुलूपबंद कपाट असेल. ते कोणी मुद्दाम बंद केलेले नसेल. बहुधा किल्ली ग्रंथपालांच्या टेबलाच्या खणातच असते. एकदा जिना चढून मागून पाहा.