घोडा का थांबला?



आज स्वयंपाकघरातलं काही नाही. गेलं वर्षभर मनात घोळत असलेली एक गोष्ट लिहिते.

गेल्या वर्षीची महावीर जयंती. आमच्याकडे मिरवणुकीत पालखीच्या पुढे घोडा असतो आणि ध्वज घेऊन एखादं लहान मूल त्यावर बसतं. त्या वर्षी तो मान माझ्या सात वर्षांच्या नातवाला मिळाला होता. केशरी फेटा बांधून स्वारी पहाटेपासून तयार!

मंदिरातून निघून चौकापर्यंत आलो आणि घोडा थबकला. आठच दिवसांपूर्वी तिथं नवं डांबर पडलं होतं. त्यावर पायी जाणाऱ्यांसाठी पांढरे पट्टे मारले होते, काळ्याभोर रस्त्यावर अगदी झगझगीत. घोड्यानं पहिल्या पट्ट्यापाशी पाय रोवले, कान टवकारले, नाकातून जोरात फुरफुरला आणि मागे सरकू लागला. मागे पालखी, लेझीम, कलश घेतलेल्या बायका. सगळी मिरवणूक अडली. घोडेवाल्यानं लगाम खेचला, घोड्याची मान आणखी वर गेली. मग त्यानं चाबूक काढला. एक, दोन, तीन.

मागे मुलं अहिंसेच्या घोषणा देत होती. आणि मी काय म्हणाले असेन? "अहो, घ्या ना पुढं, उशीर होतोय!" अभिषेकाची वेळ ठरलेली, घरी पन्नास पानं जेवायला. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

तेवढ्यात मामंजी काठी टेकत पुढे आले. ऐंशी पार केलेत, पण आयुष्य बैलांबरोबर गेलेलं. घोडेवाल्याला म्हणाले, "मारतोस कशापायी? पोराला खाली घे, लगाम ढिला सोड. त्याला खाली बघू दे की." नातवाला उतरवलं. लगाम सैल होताच घोड्यानं मान खाली घातली, पट्ट्याचा वास घेतला, एक खूर टेकवून पाहिला आणि चालत पलीकडे गेला. मिनिटभराचं काम होतं.

रात्री सामायिकाला बसले, पण मन लागेना. ते तीन फटके डोळ्यांपुढून हलेनात. मामंजींना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" म्हणाले, "आमचा सर्जा असाच करायचा. ओढ्याच्या फरशीवर झाडाची सावली आडवी पडली की उभा राहायचा. त्याला वाटायचं खड्डा हाय. एकदा बघितलं की जायचा."

मग मी त्यावर वाचायला लागले, आणि मामंजींचं म्हणणं खरं निघालं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी पुढचं आणि नाकाखालचं दिसत नाही. पायापुढची जमीन नीट पाहायची तर त्याला मान खाली घालावी लागते. आपण लगाम खेचतो तेव्हा नेमकी तीच सोय काढून घेतो! रंगही त्याला आपल्यासारखे दिसत नाहीत. निळा-पिवळा कळतो, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. मात्र काळ्यावरचं पांढरं ठसठशीत दिसतं. ते नुसतं रंगवलेलं आहे, की पायरी आहे, की मध्ये पोकळी आहे, हे त्याला लांबून ठरवता येत नाही. उजेडातून सावलीत आल्यावर त्याची नजर बसायलाही आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

गुरांचंही असंच. अमेरिकेत कुरणांच्या रस्त्यांवर गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून खड्ड्यावर लोखंडी नळ्यांची जाळी टाकतात. पाय अडकेल म्हणून गुरं त्यावर पाऊल टाकत नाहीत. काही ठिकाणी खरी जाळी न टाकता रस्त्यावर नुसते पट्टेच रंगवतात, तरी बरीच गुरं थांबतात! तिथल्याच प्राणीशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी आयुष्यभर हेच सांगितलं, की सावली, चमकणारं पाणी, गटाराची जाळी, जमिनीचा बदललेला रंग अशा आपल्या लक्षातही न येणाऱ्या गोष्टींनी गुरं थबकतात. त्यांना मारू नका, आधी ती काय बघताहेत ते बघा.

सवय झाली की भीती जाते, हेही खरं. आमच्या गल्लीतली गाय आता त्याच पट्ट्यांवर बसून खुशाल रवंथ करते. पण घोड्याची भीती अगदीच खोटी नव्हती. नाल मारलेला खूर ओल्या रंगावर घसरू शकतो. ऊसाच्या हंगामात भरलेल्या गाडीचे बैल रस्त्यावरच्या पट्ट्यांपाशी बिचकतात, तेव्हा आपण गाडीतून हॉर्न वाजवतो. आता माझा हात हॉर्नकडे जात नाही.

तत्त्वार्थसूत्राचा स्वाध्याय आपण कितीदा केला असेल! अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार तोंडपाठ आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधणं, मारणं, अवयव कापणं, जास्त ओझं लादणं, दाणापाणी तोडणं. यातल्या 'वध' शब्दाचा अर्थ आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत स्पष्ट केला आहे. इथं वध म्हणजे जीव घेणं नव्हे, तर काठीनं, चाबकानं, वेतानं मारणं. मी वर्षानुवर्षं हे वाचत होते आणि मनात म्हणत होते, आपला काय संबंध, आपण कुठं जनावरं पाळतो? पण घोडा मिरवणुकीसाठी आणलेला, मान माझ्या नातवाचा, आणि "घ्या ना पुढं" म्हणणारी मी. करणं, करवणं आणि अनुमोदन देणं हे तीन वेगळे नाहीत, हे आपणच मुलांना पाठशाळेत शिकवतो ना? संभवनाथांच्या मूर्तीखाली घोड्याचं लांछन पाहून आपण हात जोडतो, आणि चौकात जिवंत घोड्याला फटके बसताना घड्याळ पाहतो.

यंदा बैठकीत मी हा विषय काढला. काही जणी म्हणाल्या, घोडाच नको. पटण्यासारखं होतं. पण घोडेवाल्याचं घर चार सणांवर चालतं. त्याला बोलावलं तर तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, लोक मागून ओरडतात, मग हात उठतो." ओरडणाऱ्यांत मी होते. काय बोलणार?

शेवटी ठरलं ते असं. चाबूक आणायचा नाही. घोडा थांबला तर सगळ्यांनी थांबायचं. मूल पाठीवर बसणार नाही, ध्वज घेऊन शेजारून चालेल. आणि आदल्या संध्याकाळी, गर्दी नसताना, घोड्याला रस्ता दाखवून आणायचा. मी आणि नातू बरोबर गेलो. पट्ट्यांपाशी घोडा थांबला, वाकला, हुंगलं. नातू हळूच म्हणाला, "आजी, तो वाचतोय." मग तो पलीकडे गेला. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत थोडा रेंगाळला, लेझीम थांबली, आणि तो चालू लागला. अभिषेकाला पाच मिनिटं उशीर झाला. कुणाचं काही बिघडलं नाही.

पुढच्या वर्षी घोडा आणायचा की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. माझंही मन दोन्हीकडे जातं. तुमच्या गावात काय करतात, जरूर कळवा.

आणि त्या तीन फटक्यांबद्दल त्या मुक्या जीवाला, उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.